बासची मोजणी

३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो. पण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं, आणि या वेळी मला भांडायचं नाही, काम आहे.

काम बाबांचं आहे. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. उंच, बारीक आवाज त्यांचे केव्हाच गेलेत. किटलीची शिट्टी, दाराची घंटा, बायकांचं बोलणं, काही म्हणजे काही पोचत नाही. उरलेत ते खालचे, जाडे आवाज: ट्रक, आकाशातला गडगडाट आणि मी. तुझी वहिनी हल्ली त्यांच्याशी फौजदाराचा आवाज काढून बोलते. 'बाबा, चहा' असं ती म्हणाली की मीच घाबरून उभा राहतो. डॉक्टर म्हणाले, हे उरलेलंही वर्षभरात जाईल.

तेव्हा मी ठरवलं, ते जायच्या आत बाबांना त्यांचा ड्रम ऐकवायचा. अग्निशमन दलाच्या बँडात एकतीस वर्षं मोठा ड्रम वाजवलेल्या माणसाच्या कानावर शेवटचं काय पडावं, तर ट्रक? मला ते सहन होईना. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाची टेप तुझ्या वहिनीनं केली होती, ती माळ्यावर सापडली. तुला आठवतं ना, त्या कार्यक्रमानंतर त्यांनी ड्रमवर चादर घातली. ती अकरा वर्षांत निघालेली नाही. तेव्हापासून दिवसाला चार-पाच शब्द बोलतात, त्यातले दोन 'मीठ' आणि 'नको'.

मी दोन मोठे स्पीकर आणले. माझ्या कमरेइतके आहेत. चाचणीसाठी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडून धांगडधिंग्याच्या गाण्यांची टेप आणली. दारात उभं राहिलं की पोटातलं पाणी हलतं. बाबांच्या खुर्चीपाशी गेलं की बास, म्हणजे तोच खालचा जाडा आवाज, गायब! खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर आहे. मी जमिनी मोजणारा माणूस, मी बरोबर म्हणालो म्हणजे बरोबर. समोरासमोरच्या भिंतींपासून सारखीच, एका बोटाचाही फरक नाही.

तू सभागृहांचे आवाज बसवतेस. बास कुठं जातो ते सांग. बाबांपुढे तुझं नाव मी काढत नाही, निर्धास्त राहा.

तुझा
दादा

ता.क. स्पीकर ह्यांच्या कमरेइतके नाहीत, छातीइतके आहेत. सोफा गॅलरीत आहे. – वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

बास कुठं जात नाही. तो खोलीतच असतो, फक्त सगळीकडे सारखा नसतो. अंघोळीचा टब अर्धा भर आणि पाणी हिंदकळव. कडेला पाणी चढतं-उतरतं, मध्यावर मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतं. बासच्या लाटा लांबलचक असतात. त्या भिंतींवर आपटून परत येतात, काही जागी एकमेकींना उचलतात आणि काही जागी एकमेकींना खातात. बाबा बरोबर खायच्या जागेवर बसलेत.

उपाय अगदी सोपा आहे. खुर्ची हातभर मागं सरकव, बस.

माझं नाव काढत नाहीस ते बरं करतोस. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला सगळ्या बँडसमोर मी त्यांना म्हणाले होते, 'बाबा, हे माझं काम आहे, तुम्ही फक्त वाजवा.' पाणउताराच तो. त्यांनी तो विसरावा असं मला वाटतं, पण ते विसरणाऱ्यांतले नाहीत.

बारकी


१८ फेब्रुवारी

प्रिय बारके,

खुर्ची हातभर मागं सरकव, बस! तुला हे लिहायला काय जातं?

मी गोडीत सांगितलं, 'बाबा, जरा मागं.' ते म्हणाले, 'नको.' वहिनीनं फौजदाराच्या आवाजात सांगितलं. ते म्हणाले, 'नको.' शेवटी त्यांना डुलकी लागल्यावर मी आणि वहिनीनं दोन बाजूंनी खुर्ची उचलली. डोळे मिटलेल्या अवस्थेत त्यांनी दोन्ही पाय जमिनीला लावले आणि म्हणाले, 'एकदा हलवलंत, तेवढं पुरे.' दोन 'नको' धरून सहा शब्द झाले, म्हणजे त्या दिवसाचा कोटा संपला. मीठसुद्धा मागितलं नाही. मी तर त्यांना आधी कधीच हलवलं नव्हतं, त्यामुळे कशाबद्दल म्हणाले कोण जाणे.

खुर्ची हलणार नाही. बाकी घर हलवायची माझी तयारी आहे. स्पीकर कुठं ठेवू ते सांग.

दादा

ता.क. टबाचा प्रयोग ह्यांनी केला. पाणी जिन्यापर्यंत गेलं. मध्यावरचं पाणी जागच्या जागी राहिलं असं हे म्हणतात. टबात ते तेवढंच उरलं होतं. – वहिनी


२६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तर मग उलटं कर. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे आणि बावळटपणाची दिसते, पण करतात सगळे. बाबा अंघोळीला गेले की एक स्पीकर त्यांच्या खुर्चीवर ठेव. गाणी लाव. मग तू ओणवा हो आणि भिंतीच्या कडेकडेनं रांगत जा, कान जमिनीपासून वीतभर. जिथं बास भरून ऐकू येईल तिथं खूण कर. नंतर स्पीकर त्या खुणेवर ठेवायचा आणि बाबांना खुर्चीवर. खोलीला दोन्ही सारखंच असतं, बोलणारा इथं आणि ऐकणारा तिथं काय किंवा उलट काय.

कोपरे नीट तपास. कोपऱ्यात बास नेहमी फुगतो.

एवढं करायला दहा मिनिटं लागतात. कृपा करून त्याचा सोहळा करू नकोस.

बारकी


९ मार्च

प्रिय बारके,

काम शास्त्रशुद्ध झालं. सोबत नकाशा जोडला आहे.

एकट्याच्या कानावर मोजणी उभी राहत नाही, हे माझ्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून मी पंच बोलावले: दातांचे डॉक्टर, त्यांच्याकडे दाढ दाखवायला आलेले दोन गृहस्थ, वरचा शिंपी, आणि पोस्टमन, जो तुझंच पत्र घेऊन आला होता. भिंतीच्या कडेनं मी दोन-दोन फुटांवर खडूच्या खुणा केल्या, एकूण बावीस. बाबा अंघोळीला गेले. स्पीकर खुर्चीत बसवला आणि आम्ही सहा जण ओणवे झालो. प्रत्येक खुणेवर थांबायचं, कान लावायचा, पोटाला काय वाटतं ते सांगायचं, मी लिहून घ्यायचं. खूण नऊवर शिंपी आणि पोस्टमन यांच्यात मतभेद झाले, त्यामुळे ती खूण वादग्रस्त म्हणून नकाशात तुटक रेषेनं दाखवली आहे.

आम्ही खूण चौदावर असताना बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. त्यांनी आधी आम्हा सहा जणांकडे बघितलं, मग आपल्या खुर्चीत बसलेल्या स्पीकरकडे.

'काय हरवलं?'

मी म्हणालो, 'बास.'

त्यांनी मान हलवली आणि स्पीकर उठेपर्यंत अदबीनं उभे राहिले.

पंचनाम्यातला उतारा देतो: 'खूण क्रमांक चौदा येथे बास विपुल आढळला. चतुःसीमा: पूर्वेस व उत्तरेस भिंत, दक्षिणेस स्वयंपाकघराचं दार, पश्चिमेस जेवणाचं टेबल. पंचांच्या पोटात एकमतानं गुदगुल्या झाल्या.' खाली पाच सह्या आहेत. दाढवाल्या एका गृहस्थांना तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून त्यांचा अंगठा घेतला.

अडचण एकच. खूण चौदावर आपला फ्रिज आहे. होता.

दादा

ता.क. फ्रिज आता आमच्या पलंगाशेजारी आहे. दूध काढायचं तर उशीवर गुडघा ठेवावा लागतो. आणखी एक, जे हे लिहिणार नाहीत. तुझं पत्र वाचून झालं की बाबा हात पुढं करतात आणि पाकीट मागून घेतात. रिकामं. – वहिनी


१३ मार्च

बारके,

काल स्पीकर खूण चौदावर ठेवला. आधी धांगडधिंगा लावला. बाबांच्या खुर्चीचा लाकडी हात थरथरायला लागला. बाबांनी त्याच्यावर पंजा ठेवला, आणि खोटं सांगत नाही, हसले. खालून डॉक्टर पळत वर आले. त्यांच्या पेशंटचा जबडा भुलीच्या आधीच बधिर झाला होता. आमचे चेहरे बघून तेही उभे राहिले.

मग मी बाबांची टेप लावली.

कर्णे वाजले, बासऱ्या वाजल्या. ड्रम नाही. म्हणजे होता, कुणी शेजारच्या घरात गादी झटकावी तेवढा. मी आवाज वाढवला, बासचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खुर्चीचा हात थरथरेना. बाबांनी पंजा उचलला आणि दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत बसले. म्हणाले, 'बघितलंस? मी सांगत नव्हतो, पण मला माहीत होतं. हातच गेले होते माझे. उगाच हवेत मारत होतो.'

अकरा वर्षांतलं सगळ्यांत लांब बोलणं, आणि ते हे. डॉक्टर गुपचूप खाली गेले. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो, तुला सांगायला लाज नाही.

एक कोडं आहे ते सोडव. त्याच खुणेवर, त्याच स्पीकरवर, दुसऱ्या कुणाचाही ड्रम भिंत हलवतो आणि बाबांचाच का नाही? टेप खराब म्हणावी तर कर्णे स्वच्छ आहेत. वहिनी म्हणते, ती दुसऱ्या रांगेत बसून टेप करत होती, तेव्हाही तिला तसंच ऐकू आलं होतं. मग खरंच त्यांचे हात गेले होते का? तू तिथं होतीस. आवाज तूच बसवला होतास.

दादा


२१ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं. आता फाडायला कागद उरला नाही, म्हणून हे पाठवते.

त्यांचे हात गेले नव्हते. ड्रम मी चुकीच्या जागी ठेवला होता.

ते शाळेचं छोटं सभागृह होतं. मी नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि मला सगळं येत होतं. बाबा आले आणि सवयीनं ड्रम घेऊन मंचाच्या मागच्या कोपऱ्यात गेले. एकतीस वर्षं त्यांची जागा तीच. मी म्हणाले, कोपऱ्यात तो घुमतो, मध्यावर आणा. ते म्हणाले, 'ड्रमला भिंत लागते, बारके.' त्यावर मी ते वाक्य बोलले, जे तुला माहीत आहे. ते ड्रम उचलून मध्यावर आले.

तू टबाचा प्रयोग केलास ना? त्यात मध्यावर बोट आपट. टब हिंदकळत नाही. कडेला आपट, हिंदकळतो. मी त्यांना नेमकं अशा जागी उभं केलं होतं, जिथून ते सभागृह हलवूच शकत नव्हते. आणि पहिल्या तीन रांगा नेमक्या खायच्या जागेवर होत्या, वहिनीसकट. टेपवर बास नाही, कारण तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही. जे टेपमध्ये शिरलंच नाही ते तुझी खूण चौदा कुठून आणणार?

मी मागं माझ्या टेबलाशी होते. दुसऱ्या मिनिटाला मला कळलं. बाबा जीव तोडून मारत होते, खांदे घामानं भिजले होते, पहिल्या रांगेतले लोक कर्णेवाल्यांकडे बघत होते. मध्यंतरात मी ड्रम परत कोपऱ्यात नेऊ शकत होते. पण मग सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं की माझं चुकलं. मी नाही नेला. कार्यक्रमानंतर बाबा माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, पाणउतारा केला म्हणून रागावलेत. राग निवळेल म्हणून वाट बघत बसले, आणि मग तोंड दाखवायची हिंमत गेली. त्यांना असं वाटत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. अकरा वर्षं त्यांनी माझी चूक आपल्या हातांवर घेतली, दादा.

हे त्यांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. माझ्यात धीर नाही.

बारकी


१४ एप्रिल

दादा,

तीन आठवडे उलटून गेले. माझा जीव टांगणीला लागलाय. शिव्या द्यायच्या तर दे, पण लिही.

बारकी


१९ एप्रिल

प्रिय बारके,

उशीर झाला, कारण घरात राहायला जागा नाही.

ठरवायचा प्रश्नच आला नाही. तुझं पत्र माझ्या हातातून बाबांनी ओढून घेतलं, या वेळी पाकिटासकट. भिंग मागितलं. एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग उठले आणि ड्रमवरची चादर काढली. मला वाटलं, संतापानं त्यांचं डोकं फिरलं. तू त्यांचा चेहरा बघायला हवा होतास, मी तर दाराशी उभा राहिलो होतो, पळायच्या तयारीत.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला ते ड्रम घेऊन खडूच्या खुणांवर फिरतात. खूण एकवर दहा ठोके, दोनवर दहा, अशा बावीस खुणा. मी कपाटं, टेबल, पलंग त्यांच्या पुढं-पुढं हलवत असतो. त्यांना हव्या त्या खुणेवर जे असेल ते बाजूला झालं पाहिजे. शिंपी वरून खाली येऊन बसतो, कारण त्याचं शिवणयंत्र आपोआप चालायला लागतं. खालच्या डॉक्टरांनी दहा ते अकरा कवळ्यांची मापं घेणं बंद ठेवलंय, पण तक्रार नाही. ते म्हणतात, त्या तासाला पेशंट स्वतःचं दुखणं विसरतात.

वादग्रस्त खूण नऊचा निकाल बाबांनी शिंप्याच्या बाजूनं दिला. पोस्टमन नाराज आहे, त्यामुळे हे पत्र तुला उशिरा मिळालं तर समजून घे.

ते फार चिडलेत असं मला वाटतं. त्यांचं पत्र सोबत आहे. मला वाचू दिलं नाही.

दादा

ता.क. चिडलेत कुठले! दोनदा वाढून घेतात. काल मला म्हणाले, 'तू तुझ्या आवाजात बोललीस तरी चालेल, मी तोंडाकडे बघत जाईन.' – वहिनी


१८ एप्रिल

बारके,

मला पत्रं लिहायची सवय नाही. बंबावर चढताना लिहायला लागत नाही.

तुझं वाचलं. आधी राग आला. मग बावीस ठिकाणी वाजवून बघितलं. हात आहेत. उजवा थोडा उशिरा उचलतो, पण पडतो तिथंच पडतो. मध्यावर वाजवलं की काही होत नाही आणि कोपऱ्यात वाजवलं की तुझ्या दादाच्या कपाटाची दारं उघडतात. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. ड्रमला भिंत लागते. एकतीस वर्षांत एवढं एकच शिकलो होतो, आणि तू चार महिन्यांची, तरी मी तुझं ऐकलं. कारण मला वाटलं, पोरगी शिकलेली आहे, तिला जास्त कळत असणार. ती चूक माझी धर.

तुझ्याकडे बघितलं नाही ते रागानं नाही. मला वाटलं, तुझ्या पहिल्या मोठ्या कामात बापाचे हात गेले आणि तुझी नाचक्की झाली. सगळे विचारत असतील, हा म्हातारा कुणाचा. मी बाजूला झालो म्हणजे तुझं बरं चालेल असं वाटलं. तू येईनाशी झालीस, तेव्हा तसंच असणार हे पक्कं झालं. तुझी पाकिटं मी ठेवली आहेत. अक्षर सुधारलं आहे.

आता काम सांगतो. तुझी माफी मला नको, मी घरचा आहे. पण पहिल्या तीन रांगांमधली माणसं त्या दिवशी चांगले कपडे घालून आली होती आणि त्यांना ड्रम मिळाला नाही. ते त्यांचं राहिलं आहे. मी त्यांना शोधतो आहे. बँडमास्तरांच्या बायकोकडे आमंत्रणांची वही होती. आतापर्यंत नऊ जण सापडले. एक बाई आता व्हीलचेअरवर आहेत, त्यांना दोन मजले कसे चढवायचे ते दलातल्या जुन्या मंडळींना सांगितलं आहे, ते शिडी आणणार आहेत. एक गृहस्थ म्हणाले, मला तो कार्यक्रम आठवत नाही. मी म्हणालो, म्हणूनच या.

येत्या तीस तारखेला सकाळी अकराला सगळे आपल्या घरी येतील. तू आदल्या दिवशी ये. फ्रिज, पलंग, कपाटं, सगळं जिन्यात काढायचं आहे, आणि नऊ खुर्च्या कुठं ठेवायच्या ते तुला ठरवायचं आहे. ते तुझं काम आहे. मी फक्त वाजवीन.

दहावी खुर्ची तुझी, पहिल्या रांगेत. मागं टेबलाशी बसायचं नाही. आणि एक गोष्ट त्यांना तू समजावून सांग, मला सांगायला संकोच वाटतो. टाळ्यांचा आवाज बारीक असतो, तो मला येत नाही. ऐकू आलं असेल तर सगळ्यांनी हात वर करा.

बाबा